घरघर कशाची, टकटक कशाची?

स्तर ४ : वाचन पाठ

वाचण्याआधी
एक मिनिट डोळे मिटा आणि घरातले आवाज ऐका. फ्रिज, बॉयलर, घड्याळ, बाहेरून जाणारी बस. जेवढे आवाज ऐकू आले तेवढे वहीत लिहा. मराठी शब्द सापडला नाही तर आवाज जसा कानाला आला तसाच लिहा. ही यादी नीट ठेवा, पाठ संपल्यावर लागणार आहे.

पाठ

आमचं घर स्टॅनमोरला आहे. ज्युबिली लाइनचं हे शेवटचं स्टेशन. वरच्या मजल्यावर आमची एक चिमुकली खोली आहे. इथल्या घरांत तिला ‘बॉक्स रूम’ म्हणतात. आमच्या या खोलीत तीन गोष्टी आहेत : देवघर, इस्त्रीचं टेबल आणि २०११ साली घेतलेला कॉम्प्युटर. टेबलाखाली ठेवायचा, उभ्या खोक्यासारखा.

आता सगळ्यांकडे फोन आहेत, लॅपटॉप आहेत. मग हा जुना खोका का ठेवलाय? कारण त्यात आजोबा आहेत.

माझे सासरे चिपळूणला शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी नातवंडांसाठी टेपरेकॉर्डरवर गोष्टी सांगून ठेवल्या. कॅसेटच्या एका बाजूला एक गोष्ट, बरोबर अर्धा तास. अशा ४३ गोष्टी झाल्या. पण कोकणातला पाऊस कॅसेटना मानवत नाही. ओल लागते, फितीवर बुरशी धरते. म्हणून आम्ही त्या इकडे आणल्या आणि एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. बुरसटलेल्या कॅसेट टाकून दिल्या. दुसरी प्रत मात्र काढायची राहिली. ‘पुढच्या रविवारी करू’ असं म्हणता म्हणता किती रविवार गेले ते मी मोजलेलं नाही. मधल्या काळात आजोबा गेले. दर रविवारी रात्री धाकटा त्या खोलीत जाऊन त्यांची एक गोष्ट ऐकतो, इतकंच आता त्या कॉम्प्युटरचं काम.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी तो धावत खाली आला.

“आई, कॉम्प्युटर नॉइज करतोय.”
“कसला?”
“म्हणजे... नॉइज!”

मी म्हटलं, “असं सांगून नाही चालणार. आपण डॉक्टरकडे गेलो आणि नुसतं ‘बरं नाही’ म्हटलं, तर ते औषध देतील का? ते विचारतात, खोकला सुका की कफाचा? रात्री येतो की दिवसा? जिना चढल्यावर वाढतो का? कॉम्प्युटरचंही तसंच आहे. नीट ऐक आणि मग सांग.”

तो परत वर गेला. थोड्या वेळाने जिन्यातूनच ओरडला, “आई, तो आजोबांसारखा घोरतोय!”

हे मात्र उपयोगाचं होतं. घोरणं म्हणजे घरघर. इंग्रजीत ‘नॉइज’ म्हटलं की काम भागतं. मराठीत आवाजाला नुसतं ‘आवाज’ म्हणून ऐकणाऱ्याचं समाधान होत नाही. घरघर वेगळी, खडखड वेगळी, टकटक वेगळी. जड वस्तू फिरताना अडली की घरघर होते. सुटा तुकडा कशावर तरी आपटत राहिला की खडखड. ठरावीक वेळाने एकच ठोका पडला की टकटक. माशी कानाभोवती फिरते ती भुणभुण, नवी चप्पल वाजते ती करकर, आणि न दिलेल्या तेलाची बिजागरी वाजते ती कुरकुर. ज्याला हे शब्द येतात त्याचं अर्धं निदान बोलता बोलताच होऊन जातं, असं मला वाटतं. (माझी थोरली लेक म्हणते, आई प्रत्येक गोष्टीतून मराठीचा तास काढते. असेल.)

मग आम्ही एक वही केली. तिच्यात तीनच प्रश्न होते : आवाज केव्हा येतो? कुठून येतो? कसा येतो? धाकट्याने लिहिलेलं मी आहे तसं इथे देते :

शनिवार, सकाळी ८:१०. सुरू केला. आधी एक टूक. मग घर्र्र. पाच मिनिटांनी घर्र्र कमी झाली.
शनिवार, ११ वाजता. क्रिकेटचा व्हिडिओ लावला. मोठ्ठी घूंऽऽ. व्हिडिओ बंद. तरी दोन मिनिटं घूंऽऽ.
रविवार. काहीच करत नाही, तरी बारीक ईईईई. मला आणि ताईला ऐकू येते. आई म्हणते येत नाही. आई खोटं बोलते.

आता एकेक नोंद पाहू.

सुरुवातीचा ‘टूक’ म्हणजे तक्रार नव्हे. जुने कॉम्प्युटर चालू होताना आधी स्वतःची तपासणी करतात. सगळं ठीक असेल तर बरेचसे कॉम्प्युटर एक छोटा टूक करतात, म्हणजे शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणावं तसं. काही बिघडलं असेल तर लांब आणि छोटे टूक वेगवेगळ्या पद्धतीने वाजतात. त्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून तो त्या कॉम्प्युटरच्या माहितीपुस्तकातच बघायचा असतो.

घर्र्र आणि घूंऽऽ हे दोन्ही पंख्यांचे आवाज, पण त्यांची कारणं दोन. कॉम्प्युटरचा मेंदू काम करताना तापतो. त्याला गार ठेवायला त्याच्या डोक्यावर एक छोटा पंखा असतो. काम वाढलं की उष्णता वाढते, उष्णता वाढली की पंखा जोरात फिरतो. व्हिडिओ लावल्यावर घूंऽऽ वाढली, बंद केल्यावरही दोन मिनिटं राहिली, कारण तापलेली वस्तू गार व्हायला वेळ लागतो. हे बरोबरच होतं. सकाळची घर्र्र मात्र म्हातारपणाची होती. पंख्याच्या मधोमध जो दांडा फिरतो, तिथे थोडंसं वंगण असतं. वर्षानुवर्षं फिरून दांड्याची जागा झिजते आणि वंगण आटतं. जानेवारीत रात्रभर गारठलेलं उरलंसुरलं वंगण घट्ट होतं, म्हणून पंखा सुरुवातीला कण्हतो. पाच मिनिटांनी ऊब आली की सुटतो. सकाळी उठताना माझे गुडघेही हेच करतात.

आणि ती ईईईई? धाकट्याने माझ्यावर खोटेपणाचा आरोप ठेवला, पण मी खरंच बोलत होते. कॉम्प्युटरच्या आत तारेची लहान लहान वेटोळी असतात. त्यांच्यातून वीज सेकंदाला हजारो वेळा कमीजास्त होत वाहते, आणि त्या तालावर वेटोळं थरथरतं. त्यातून फार बारीक आवाज निघतो. लहान मुलांना सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढतं तसे हे वरचे आवाज आधी हरवतात. म्हणून मुलांना जे ऐकू येतं ते आईबाबांना येत नाही. हा आवाज त्रासदायक असला तरी त्याने सहसा काही बिघडत नाही.

थांबा आणि विचार करा : घर्र्र पंख्याचीच आहे आणि दुसऱ्या कशाची नाही, हे तुम्ही खोका न उघडता कसं ओळखाल?

आम्ही किचन रोलची आतली पुठ्ठ्याची नळी घेतली. एक टोक कानाला, दुसरं खोक्याजवळ. डॉक्टरांच्या नळीसारखीच ती इकडेतिकडे फिरवायची. मागच्या जाळीपाशी आवाज सगळ्यात मोठा होता. मग बाबांनी सांगितलं, एका वेळी एकच गोष्ट बदला. सीडीच्या खणात सीडी अडकली असेल तर काढा. ऐका. खोका जमिनीला टेकून थरथरत असेल तर खाली जुनं पायपुसणं घाला. ऐका. दोन गोष्टी एकदम केल्या आणि आवाज गेला, तर नेमका कशामुळे गेला ते कधीच कळत नाही.

दुपारी खोका मागच्या अंगणात नेला. हे काम मोठ्या माणसाबरोबरच करायचं. आधी कॉम्प्युटर नीट बंद केला. भिंतीवरचा स्विच बंद केला, प्लगही काढला. मग खोक्यावरचं चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. आत हात घालण्याआधी खोक्याच्या उघड्या धातूला हात लावला, कारण आपल्या अंगावर स्थिर वीज असते आणि तिच्या एका ठिणगीने नाजूक भाग बिघडू शकतात. एका डब्याला मात्र कोणीही हात लावला नाही : जिथे घरातली वीज येते तो वीजपुरवठ्याचा डबा. प्लग काढला तरी त्याच्या आत धोकादायक वीज साठून राहू शकते. तो घरी उघडायचाच नाही.

झाकण काढलं आणि थोरली म्हणाली, “ई!” आतली धूळ राखाडी नव्हती, काळी होती. चिकटही होती. पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसला होता. बाबा बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “माझ्याकडे काय बघता? देव मी एकटीने नाही मांडले.” रोजची उदबत्ती, रोजचं निरांजन आणि शेजारी हवा आत ओढणारा पंखा! तुपाच्या धुरातले कण आणि धूळ मिळून वर्षानुवर्षं थर चढत गेला होता. थर सगळीकडे सारखा चढत नाही, म्हणून पंख्याचा तोल गेला होता. तोल गेलेला पंखा जास्त थरथरतो आणि जास्त झिजतो.

आम्ही पात्यांमध्ये पेन्सिल धरून पंखा अडवला आणि डब्यातल्या दाबलेल्या हवेचे छोटे छोटे फवारे मारले. पंखा अडवायचा, कारण फवाऱ्याने तो भलत्याच वेगाने फिरतो. चिकट थर मऊ ब्रशने हळूच काढला. धाकट्याने व्हॅक्यूम क्लीनर आणला होता. तो परत ठेवायला लावला. त्याच्या नळीमुळेही स्थिर वीज तयार होते.

संध्याकाळी कॉम्प्युटर वर नेऊन चालू केला. टूक. आणि मग... जवळजवळ शांतता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, “बघा, फुकटात झालं!” मी चहा ठेवायला खाली गेले.

चहा उकळायच्या आत थोरली जिन्यात आली. “आई, वर ये. आता दुसराच आवाज येतोय. टक, टक, टक. मग थांबतो. मग परत टक, टक, टक.”

हा आवाज नवा नव्हता. तो आधीपासून असणार. मोठ्या घरघरीखाली तो झाकला गेला होता, इतकंच. लग्नाच्या बँडपुढे कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही, तसं. टकटक झाली की पडद्यावरचं सगळं जागच्या जागी थिजायचं. बाण गोल गोल फिरत राहायचा. मग सगळं पुन्हा चालू. पुठ्ठ्याची नळी लावली. आवाज पुढच्या बाजूने, खालून येत होता. तिथे हार्ड डिस्क असते. म्हणजे तिथे आजोबा होते.

बाबा म्हणाले, “रात्रभर डिस्कची पूर्ण तपासणी लावून ठेवू. बिघडलेल्या जागा तोच दुरुस्त करेल.” मला ते पटलं. बटण दाबायच्या आधी सहज शेजारच्या अंकलना फोन केला, हे आमचं नशीब.

आमचे शेजारी गुजराती आहेत. आयुष्यभर यंत्रांच्या दुरुस्तीत काढली. मोटारीचा आवाज ऐकून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगतात. फोनवर टकटक ऐकली आणि ते चपला घालूनच आमच्या दारात आले. “बेन, कुछ भी चेक मत करो. पहला काम कॉपी. बाकी सब बाद में.”

त्यांचं म्हणणं समजायला हार्ड डिस्क आतून कशी असते ते बघावं लागेल. तिच्यात आरशासारख्या चकचकीत गोल चकत्या असतात आणि त्या प्रचंड वेगाने फिरतात. आमची डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची होती. भागाकार करा : सेकंदाला १२० फेऱ्या. चकतीचा व्यास साधारण साडेनऊ सेंटिमीटर. म्हणजे तिच्या कडेवरचा एक बिंदू ताशी सुमारे १२९ किलोमीटर, म्हणजे ८० मैल वेगाने धावत असतो! मोटरवेवर ७० ची मर्यादा आहे. या चकतीवरून एक बारीक हात पुढेमागे सरकतो. त्याच्या टोकाला वाचणारं ‘हेड’ असतं. ते चकतीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. आपला केस हजारो नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे त्या फटीत केस तर सोडाच, धुराचा कणही शिरू शकत नाही.

डिस्क थकली की हेडला हवी ती जागा वाचता येत नाही. मग ते आपल्या घरट्यात परत येतं, पुन्हा निघतं, पुन्हा वाचायचा प्रयत्न करतं. प्रत्येक खेपेला एक टक. अशा वेळी पूर्ण तपासणी लावली, तर ते प्रत्येक वाईट जागेवर रात्रभर पुन्हा पुन्हा ठोकत बसतं. सकाळपर्यंत डिस्क कायमची बंद पडली असती तर आम्हाला नवल वाटायला नको होतं. बाबांनी कुठेसं ऐकलेला आणखी एक उपाय अंकलनी लगेच खोडून काढला : डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायची. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली डिस्क वाया जाते.

अंकलनी विचारलं, “सगळ्यात महत्त्वाचं काय?” धाकटा म्हणाला, “आजोबा.” मग फोटो नाही, हिशेब नाही, पहिल्यांदा फक्त आजोबांच्या गोष्टी पेन ड्राइव्हवर घ्यायच्या ठरलं. ४३ गोष्टी मिळून साधारण सव्वा जीबी. धड डिस्क असती तर एका मिनिटाचं काम. आमच्या डिस्कने पहिल्या २९ गोष्टी द्यायला चाळीस मिनिटं घेतली. तिसावी गोष्ट आली आणि टक, टक, टक.

कॉपीची पट्टी हलेना. धाकटा म्हणाला, “परत कर, परत कर!” अंकलनी मान हलवली. एकाच खड्ड्यात पुन्हा पुन्हा चाक घालायचं नाही. ती गोष्ट सोडून पुढची घ्या. पुढे छत्तिसावी गोष्टही अडली. तीही सोडली. बाकीच्या बारा आल्या. मग कॉम्प्युटर बंद करून डिस्कला रात्रभर विश्रांती दिली.

कॉपी चालू असताना त्या एवढ्याशा खोलीत आम्ही पाच जण इस्त्रीच्या टेबलाला टेकून बसलो होतो. कोणी बोलत नव्हतं. म्हणून मी मुलांना स्टॅनमोरचीच एक गोष्ट सांगितली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य आपले निरोप ‘एनिग्मा’ नावाच्या यंत्राने गुप्त भाषेत पाठवायचं. त्या यंत्राची मांडणी रोज बदलायची. ती शोधायला अ‍ॅलन ट्युरिंग यांनी एक यंत्र आखलं. गॉर्डन वेल्शमन यांनी त्यात मोठी सुधारणा केली. त्या यंत्राला ‘बॉम्ब’ म्हणत, पण त्याचा स्फोटाशी काही संबंध नाही. ही यंत्रं नुसती ब्लेचली पार्कला नव्हती. आमच्या स्टॅनमोरला आणि जवळच्या ईस्टकोटलाही त्यांची मोठी केंद्रं होती. एकेक यंत्र कपाटाएवढं उंच, सुमारे एक टन वजनाचं. समोर १०८ गोल डबे, आणि ते फिरायला लागले की खोलीभर खडखडाट. ही यंत्रं चालवायच्या नौदलातल्या तरुण मुली. त्यांना ‘रेन’ म्हणत. आठ आठ तासांच्या पाळ्या, रात्रंदिवस. डब्यांच्या मागे तारांचे बारीक ब्रश असत. एक तार वाकडी होऊन दुसरीला टेकली तरी उत्तर चुकायचं. म्हणून या मुली चिमट्याने एकेक तार सरळ करत बसायच्या.

गंमत अशी, की त्या खोलीत खडखडाट चालू असणं म्हणजे अजून काही सापडलेलं नाही. यंत्र अचानक थांबलं, की सगळ्यांचे कान टवकारायचे. थांबलं म्हणजे कदाचित उत्तर मिळालं! मग आकडे टिपून घ्यायचे, पडताळायला पाठवायचे आणि यंत्र पुन्हा चालू करायचं. आपण काय करतो हे त्यांना घरीही सांगता येत नव्हतं. हे गुपित १९७० च्या दशकात उघड झालं, तोवर त्यातल्या अनेकींना नातवंडं झाली असतील. युद्धानंतर बहुतेक यंत्रं मोडून टाकली. आज नव्याने बांधलेलं एक चालतं यंत्र ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयात आहे. नंतरच्या बॉम्ब यंत्रांचा सगळ्यात वेगवान डबा मिनिटाला १२० फेऱ्या घ्यायचा. आमच्या टेबलाखालची चकती तेवढ्याच फेऱ्या एका सेकंदात घेत होती.

“आणि पहिली हार्ड डिस्क?” थोरलीने विचारलं. ती आयबीएमने १९५६ साली काढली. दोन फूट रुंदीच्या ५० चकत्या, आणि सगळ्या मिळून जागा सुमारे पाच एमबी. आजोबांची एकसुद्धा गोष्ट तिच्यात मावली नसती.

दुसऱ्या दिवशी तिसावी आणि छत्तिसावी गोष्ट एकेकदाच करून पाहिली. टक, टक, टक. अंकलनी स्वतः बटण बंद केलं. अशा डिस्क उघडून त्यातलं काढून देणाऱ्या प्रयोगशाळा असतात. तिथे धूळ नसलेल्या खोलीत काम होतं आणि खर्चही बराच येतो. तो करायचा की नाही, हे आमचं अजून ठरलेलं नाही. डिस्क जाड पाकिटात घालून कपाटात ठेवली आहे, आणि ती कोणी ‘एकदा बघू’ म्हणून जोडायची नाही असं वर लिहिलं आहे.

हरवलेल्यांपैकी एक गोष्ट आजोबांच्या मुंजीची होती. मुंजीच्या दिवशी ते पळून जाऊन लपले होते, ती. रविवारी आम्ही चिपळूणला आजींना फोन लावला आणि विचारलं, ती गोष्ट येते का? आजी म्हणाल्या, “न यायला काय झालं? पन्नास वेळा ऐकलीय.” थोरलीने फोनवर रेकॉर्डिंग लावलं. आजींनी सांगायला सुरुवात केली. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

“...आणि हे जाऊन बसले माळ्यावर.”
“आजी, नाही! आजोबा म्हणायचे हौदात लपलो होतो.”
“छे रे! हौद कोरडा होता? माळ्यावरच. माझ्या सासूबाईंनी मला स्वतः सांगितलंय.”
“पण आजोबा म्हणायचे हौदात!”
“त्यांना काय विचारतोस, ते लपलेले होते. शोधणाऱ्यांना माहीत असणार ना!”

हा वादही रेकॉर्ड झाला आहे. आता तो तीन ठिकाणी ठेवला आहे : नव्या कॉम्प्युटरवर, वेगळ्या डिस्कवर आणि चिपळूणला काकांच्या लॅपटॉपवर.

नव्या कॉम्प्युटरमधल्या डिस्कला फिरणारे भागच नाहीत. टकटक नाही, काही नाही. अंकलना ती फारशी आवडलेली नाही. ते म्हणतात, ही बिघडेल तेव्हा आवाजसुद्धा करणार नाही. थोरलीने म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत काढायची असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

शब्दांकडे पाहू

आवाजाची नक्कल करून तयार झालेल्या शब्दांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. त्यात बहुतेक वेळा एकच तुकडा दोनदा येतो : घर-घर, टक-टक, कुर-कुर. असे शब्द बहुधा स्त्रीलिंगी असतात : ती घरघर, ती टकटक. त्यांनाच ‘आट’ जोडला की आवाज मोठा होतो आणि शब्द पुल्लिंगी होतो : ती खडखड, पण तो खडखडाट. ती गडगड, पण तो गडगडाट. क्रियापदही सहज होतं : भुणभुण, भुणभुणणे.

हे शब्द यंत्रापुरते राहत नाहीत. एखादा धंदा बुडायला आला की त्याला ‘घरघर लागली’ म्हणतात. पैसे संपले की खिशात ‘खडखडाट’ असतो. सारखी तक्रार करणारा ‘कुरकुर’ करतो, आणि एकच गोष्ट हवी म्हणून मागे लागणारा ‘भुणभुण लावतो’. (नवीन फोनसाठी आमच्याकडे सध्या कोण भुणभुण लावतंय ते मी सांगत नाही.)

स्वाध्याय

१. घरघर गेल्यावरच टकटक का ऐकू आली? पाठातला दाखला न वापरता, तुमच्या घरातला दुसरा दाखला देऊन सांगा.

२. बाबांचा उपाय वाईट हेतूचा नव्हता. तरी तो का चुकला असता? चार-पाच वाक्यांत लिहा.

३. लॅपटॉपमधल्या काही डिस्क मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेतात. सेकंदाला किती झाल्या? उत्तर मराठीत अक्षरी लिहा.

४. ‘केव्हा, कुठून, कसा’ हे तीन प्रश्न वापरून घरातल्या एका यंत्राच्या आवाजाची दोन दिवस नोंद ठेवा. यंत्र उघडायचं नाही, फक्त ऐकायचं.

५. आजोबा हौदात लपले होते की माळ्यावर? जोडीने संवाद करा. एकाने आजी व्हायचं, एकाने नातू. आजींना ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘तू’, हे तुमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे ठरवा.

६. सुरुवातीला केलेली यादी काढा. प्रत्येक आवाजापुढे आता मराठी शब्द लिहा, आणि शब्दाआधी ‘ती’ लागेल की ‘तो’ तेही लिहा. एखाद्या आवाजाला शब्द नसेलच, तर तुम्ही करा आणि पुढच्या तासाला वर्गात वाजवून दाखवा.